फुंकर

१२ जानेवारी

प्रिय मामा,

फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस. मागच्या वेळी मी ‘बढती’ म्हणाले, तू आईला ‘भरती’ सांगितलंस, आणि ती बिचारी मला हॉस्पिटलचा पत्ता विचारत बसली. म्हणून हे लेखी. बढती! डिझाइन विभागाची मी आता प्रमुख आहे. कौतुक नंतर कर, आधी रडगाणं ऐक.

मुलांच्या छातीचं ऑपरेशन झालं की त्यांना दिवसातून बऱ्याचदा खोल श्वास घेऊन तो सावकाश, लांब फुंकरीने सोडावा लागतो. नाही सोडला तर छातीत कफ साठतो, ताप चढतो, आणि सुधारत असलेलं मूल पुन्हा खाटेला खिळतं. त्यासाठी आमची कंपनी एक साधन बनवते. तीन पारदर्शक नळ्या, प्रत्येकीत एक चेंडू. फुंकलं की चेंडू वर जातो. मोठी माणसं डॉक्टरांच्या धाकाने फुंकतात. मुलं एकदा फूः करतात, दुखतं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मुलांच्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाई आमच्याकडे येऊन म्हणाल्या, “टाके मी घालीन. पण त्यांच्या वतीने मला फुंकता येत नाही. काहीतरी करा.”

करायचं काय? एप्रिलच्या अखेरपर्यंत काही दाखवलं नाही तर हा विभागच बंद करून बाहेरून तयार माल आणायचा, असं वर ठरतंय. आमच्या मोठ्या साहेबांनी त्यावर उपाय म्हणून काचेची एक खोली बांधली आहे. आत रंगीबेरंगी गाद्या, लिहिता येईल अशी भिंत, आणि दारावर पाटी, ‘मोकळेपणाने विचार करा’. आम्ही चौघं त्या गाद्यांत रुतून बसतो आणि साहेब थोड्या थोड्या वेळाने काचेला नाक लावून भिंतीवर किती लिहिलं ते बघून जातात. साचेवाले काका छताकडे बघतात. आमची तारवाली, म्हणजे विजेचं सगळं बघणारी मुलगी, नखं खाते. आणि चौथी नाही-ताई. ती माल तपासणीच्या विभागातून आली आहे, बाई हुशार आहे, पण कुणी तोंड उघडलं की तिचं पहिलं वाक्य ‘नाही, ते तुटेल’.

तू तीस वर्षं वर्तमानपत्रात रोज एक व्यंगचित्र दिलंस. रोज! छपाई सुरू व्हायच्या आत. तुला सुचायचं कसं रे?

तुझी भिंगरी

*

१९ जानेवारी

भिंगरी,

बढतीबद्दल पाठ थोपटली असं समज. तुझ्या आईला मी ‘भरती’ सांगितलंच नव्हतं, तिने तसं ऐकलं. आमच्या घराण्यातच कानांचा दुष्काळ आहे.

गाद्यांचं वाचून मी इतका हसलो की चहा सांडला. अगं, मऊ गादीवर माणसाला झोप सुचते.

आमची बसायची जागा आठवते तुला? एका बाजूला खेळाच्या पानाची आरडाओरड, दुसऱ्या बाजूला जिना, आणि माझ्या टेबलाचा एक पाय आखूड. तिथे सुचायचं. का, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग आमच्या संपादकीणबाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी एक विद्वान गृहस्थ आले, आणि माझी चित्रं एकदम शहाण्यासारखी दिसायला लागली. तेव्हा उजेड पडला.

बाईंची रीत अशी होती. मी सकाळी पाच-सहा कच्ची रेखाटनं घेऊन जायचो. त्या बघायच्या. चेहऱ्यावर काही नाही. वाहवा नाही, नाक मुरडणं नाही. फक्त म्हणायच्या, “हं. आणखी?” मी परत जागेवर. पुन्हा कच्ची. पुन्हा “आणखी?” असं होत होत मला त्यांची भीती उरायची नाही आणि स्वतःचीही लाज उरायची नाही. मग जे वेडंवाकडं बाहेर पडायचं, त्यातलंच एखादं दुसऱ्या दिवशी गावभर व्हायचं.

तुझ्या लोकांना चांगलं मागू नकोस. वाईट माग, भरपूर माग. आणि तोंडावर रेषही हलू देऊ नकोस.

माझं म्हणशील तर उत्तम चाललंय. सकाळी टेबलाशी बसतोच. सवय जात नाही.

मामा

*

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या बाईंचा मंत्र आमच्याकडे उलटला.

सोमवारी मी चेहरा दगडासारखा केला आणि साचेवाले काकांनी पहिली कल्पना सांगितल्यावर म्हटलं, “हं. आणखी?” काका लाल झाले. “एवढं पुरत नाही का?” म्हणाले, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले. मंगळवारी तारवालीने शिट्टीची एक कल्पना मांडली. नेमके तेव्हाच साहेब आत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. “याला म्हणतात विचार!” झालं. त्यानंतर दिवसभर कुणी दुसरं काही बोललंच नाही, सगळे शिट्ट्यांचेच प्रकार सांगत बसले. संध्याकाळी नाही-ताईने शांतपणे सांगितलं की ऑपरेशन झालेल्या वॉर्डात वीस शिट्ट्या वाजल्या तर आधी सिस्टर नोकरी सोडतील. खरंच होतं ते. पण तारवाली बाथरूममध्ये जाऊन रडली.

वर अटी ऐक. बॅटरी नको. सुटा होईल असा बारीक भाग नको. उकळत्या पाण्यातून काढता आलं पाहिजे. जोरात एकदा फुंकून चालणार नाही, लांब आणि हळू फुंकर हवी. आमच्या भिंतीवर आता चढणारं माकड आहे, फिरणारं विमान आहे, फुगणारा बेडूक आहे. नाही-ताईने सगळ्यांवर फुली मारली आहे. बेडकावर दोन.

मला वाटतं मी प्रमुख व्हायच्या लायकीची नाही. हे आईला सांगू नकोस.

तुझी भिंगरी

*

१० फेब्रुवारी

भिंगरी,

आईला नाही सांगणार. सांगितलं तरी ती भलतंच ऐकेल.

चूक माझी. बाई ‘आणखी’ म्हणायच्या तेव्हा त्यांच्यामागे कुणी टाळ्या वाजवायला उभं नसायचं, हे लिहायचं राहिलं. टाळी आणि फुली ही एकाच घरची भावंडं. एकीने माणूस तिथेच थांबतो, दुसरीने पळून जातो. साहेबांना काचेबाहेर काढ. भांडून नको, सरळ सांग. आणि नाही-ताईला गप्प करू नकोस, तिची वेळ बदल. सकाळ सगळ्यांची, कुणी कशालाही नाही म्हणायचं नाही. दुपार तिची एकटीची. दुपारी तिने हवं तेवढं फोडावं. आपल्यालाही फोडायला हक्काची वेळ आहे म्हटल्यावर सकाळी तिलाही दम निघेल.

पण हे सगळं दुय्यम. तुझी दोन्ही पत्रं मी पुन्हा वाचली. नळ्या लिहिल्यास, चेंडू लिहिलेस, गाद्यांचे रंग लिहिलेस, साहेबांचं नाकसुद्धा लिहिलंस. मूल एकही लिहिलं नाहीस. एकही नाही, भिंगरी! तू त्या वॉर्डात कधी गेली आहेस का?

मी खोलीत बसून माणसं काढायचो तेव्हा सगळी माझ्यासारखी दिसायची. बाई मला हाकलायच्या. कोर्टात जा, बाजारात जा, तिथे काहीही काढू नकोस, नुसता बस. मी वैतागायचो. परत येताना मात्र हात शिवशिवत असायचा.

जा आणि नुसती बस.

मामा

*

१ मार्च

मामा, मामा, मामा,

सुचलं! पण क्रमाने सांगते, नाहीतर मजा जाईल.

साहेबांना मी सरळ सांगितलं, “साहेब, तुम्ही आलात की आम्ही हुशार दिसायच्या मागे लागतो. मग सुचत नाही.” त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, गेली बढती. पण ते म्हणाले, “मी घाबरलोय, म्हणून सारखा येतो.” आणि खरंच यायचे थांबले. माणूस वाईट नाही. आम्हीही ती काचेची खोली सोडली आणि साचेवाल्या काकांच्या कार्यशाळेत बसायला लागलो. तिथे निदान हाताला लागेल ते उचलून जोडता-मोडता येतं.

मग आम्ही चौघं वॉर्डात गेलो. साधनाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, एवढीच अट. बुटक्या स्टुलांवर बसलो. एका मुलीने तारवालीच्या केसांच्या वेण्या घातल्या. काकांना एकाने तासभर डायनासोर शिकवले. आणि मी खिडकीजवळच्या खाटेपाशी होते. तिथे सात वर्षांची एक मुलगी आहे, सिस्टर तिला राणीसरकार म्हणतात, कारण ती औषधं ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ करते. आपल्या त्या नळ्या तिने पहिल्याच दिवशी नामंजूर केल्या. सिस्टरने लाडीगोडी लावली, आई रडकुंडीला आली, सर्जनबाई रागावल्या. बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. तिला आठवडाभर ताप होता, मामा. नुसत्या न फुंकल्याने.

तिसऱ्या दिवशी काय झालं, शेजारच्या खाटेवरच्या चिमुरडीच्या हातातली सलाईनची सुई काढली. ती भोकाड पसरून रडायला लागली. राणीसरकार वळल्या. छातीवर टाके, उठता येत नाही, तरी खाटेच्या कडेपर्यंत सरकून म्हणाली, “आण इकडे.” चिमुरडीचा हात धरला आणि त्यावर फुंकर घातली. लांब, हळू, अगदी हवी तशी! “गेलं?” “नाही.” “थांब.” पुन्हा एक. “आता?” “थोडंसं आहे.” पुन्हा. तिला स्वतःला दुखत होतं, ओठ पांढरे पडले होते, पण चिमुरडी ‘गेलं’ म्हणेपर्यंत ती थांबली नाही. सिस्टर हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिली होती.

आम्ही जिना उतरत होतो. मधल्या पायरीवर नाही-ताई थांबली.

“मला काहीतरी सुचलंय,” ती म्हणाली. “चूक असेल.”

“सकाळ आहे,” काका म्हणाले. “सकाळी काहीच चूक नसतं.”

“ती स्वतःसाठी फुंकत नाही. दुसऱ्याचं दुखत असेल तर फुंकते. आपल्या नळ्यांना कुठे काय दुखतंय?”

काका म्हणाले, “मग दुखवू या की!” आणि आम्ही चौघं तिथेच पायऱ्यांवर बसलो, येणारेजाणारे आमच्यावरून उड्या मारून जात होते. एक चकती. तिच्यावर चेहरा. खालच्या बाजूला थोडं वजन, म्हणजे चकती आपोआप अशी लोंबते की चेहरा रडताना दिसतो. हळू फुंकलं की चकती अर्धी फिरते आणि तोच चेहरा उलटा होऊन हसतो. फुंकर चालू असेपर्यंत हसतो, संपली की पुन्हा रडतो. धसमुसळेपणाने फुंकलं तर चकती गर्रकन पूर्ण फिरून पुन्हा रडण्यावरच येते! बॅटरी नाही, बारीक भाग नाही, उकळा हवी तेवढी. दुपारी नाही-ताईला विचारलं, “फोड.” तिने सगळीकडून पाहिलं आणि म्हणाली, “आस जरा जाड करा. बाकी तुटणार नाही.” मग हळूच म्हणाली, “इतकी वर्षं मला फक्त काय चुकलंय तेवढंच विचारायचे.”

आता तुझं काम. सरळ धरला तर रडणारा, उलटा केला की हसणारा चेहरा हवा. तो तुझ्याशिवाय कोण काढणार? लगेच पाठव.

तुझी भिंगरी

*

८ मार्च

भिंगरी,

शाब्बास! नाही-ताईला माझा खास नमस्कार सांग. ‘नळ्यांना काय दुखतंय’ हे वाक्य मी भिंतीवर लावणार आहे.

चेहऱ्याचं मात्र माझ्याकडून होईलसं वाटत नाही. चष्म्याचा नंबर बदलायचा आहे, आणि ज्या टाकाने मी काढायचो तो आता मिळतही नाही. शिवाय मुलांचं चित्र म्हणजे नव्या दमाचा हात हवा. तिकडे एखादा चांगला चित्रकार सापडेलच. उगाच माझ्यासाठी थांबू नका.

पाऊल पुढे पडलंय, तेव्हा जोर धरा.

मामा

*

२२ मार्च

मामा,

चकती फिरते. काकांनी ती इतकी हलकी केली आहे की आपण जवळून बोललो तरी डुलते. चेहरा मात्र अडला आहे. एका चित्रकाराने गोजिरा चेहरा काढून दिला, गुलाबी गाल, एक थेंब अश्रू. आम्ही तो वॉर्डात नेला. राणीसरकारांनी चकतीकडे पाहिलं आणि म्हणाली, “हा खोटं रडतोय. नामंजूर.” आणि ती बरोबर आहे.

तिचं दुसरं ऑपरेशन एप्रिलच्या मध्यावर आहे. सर्जनबाई म्हणतात, हे पहिल्यापेक्षा मोठं. या वेळी फुंकलं नाही तर परिणाम वाईट. म्हणून स्पष्टच विचारते, राग मानू नकोस.

आई तुझ्याकडे चार दिवस राहून आली. म्हणाली, तुझ्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांची थप्पी आहे आणि शाईची बाटली सुकून खडखडते आहे. मग तू रोज टेबलाशी बसून करतोस काय? चष्म्याचा नंबर तर तिच्यासमोरच काढलास म्हणे, काही बदललेला नाही. मामा, तू माझ्यापासून काय लपवतो आहेस?

भिंगरी

*

२९ मार्च

भिंगरी,

तुझी आई पाहुणी म्हणून येते आणि पंचनामा करून जाते.

खरं सांगतो. निवृत्त झालो त्या दिवसापासून मला काहीही सुचलेलं नाही. एक रेघ नाही. टेबलाशी बसतो हे खरं आहे. कोरा कागद समोर घेतो, थोड्या वेळाने त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवतो, म्हणजे तो दिसत नाही. पहिल्यांदा वाटलं, थकवा आहे. मग वाटलं, ते माझं नव्हतंच, त्या खोलीचं होतं, बाईंचं होतं, त्या आखूड पायाच्या टेबलाचं होतं. लोक रस्त्यात विचारतात, हल्ली काय काढता? मी म्हणतो, मोठं काहीतरी चाललंय. कसलं मोठं?

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तुला लिहिताना मी पुन्हा त्या जागेवर बसलेला असायचो. सगळी अक्कल खरीच होती, पण ती वापरणारा आता घरी नाही.

म्हणून नाही म्हणालो. त्या पोरीच्या छातीचा प्रश्न आहे, तिथे माझ्यासारख्या सुकलेल्या बाटलीवर अवलंबून राहू नका.

मामा

*

२ एप्रिल

मामा,

वाचून खूप रडले, मग खूप चिडले. पाच वेळा तुझाच सल्ला तुला लिहायला घेतला आणि फाडला. शेवटी एवढंच लिहिते.

मला चांगला चेहरा नको. घाणेरडे चेहरे पाठव. वाकडे, फसलेले, पाहून कुत्रं भुंकेल असे. पेन्सिलने, कोळशाने, बिलाच्या पाठीवर, कशावरही. मी कुणाला दाखवणार नाही आणि माझं मतही देणार नाही. सोबत राणीसरकारने रडताना दाबून धरलेला ओठ कसा दिसतो ते लिहिलं आहे. खालचा ओठ आत, हनुवटीला खळगे, आणि कपाळ असं गोळा झालेलं, जणू कुणीतरी मुठीत धरलंय.

भिंगरी

*

७ एप्रिल

भिंगरी,

हे घे. घाणेरडे मागितले होतेस, घाणेरडे आहेत. एक तुझ्या आजोबांसारखा झालाय, त्याला मी जबाबदार नाही.

मामा

*

९ एप्रिल

मामा,

मिळाले. आणखी?

भिंगरी

*

१३ एप्रिल

अगं ए बये,

‘आणखी?’ काय, ‘आणखी?’ तुझं ते कार्ड वाचून मी इतका संतापलो की सगळी वर्तमानपत्रं टेबलावरून खाली ढकलली आणि त्याच तावात ढीगभर चेहरे काढले. सगळे भयंकर. मग भूक लागली. जेवलो, भांडी घासायला उभा राहिलो, डोक्यात काही नाही. हातात चमचा होता. त्याच्या पोटात माझं तोंड उलटं दिसत होतं. मी त्रासिक चेहरा केला, तर चमच्यातला माणूस हसला!

तू लिहिलेलं ते कपाळ, भिंगरी! मुठीत धरल्यासारखं गोळा झालेलं. मी आतापर्यंत तोंड उलटं करत बसलो होतो, दिवसभर, वेड्यासारखा. तोंडाने काही होत नाही. रडणाऱ्याच्या कपाळावरची आठी उलटी केली की तेच हसू होतं. आणि आत दाबलेला ओठ वर गेला की भुवई होते. अगदी खऱ्या रडण्यातूनच खरं हसू निघतं, थेंब नको, गुलाबी गाल नको. मी स्वयंपाकघरात एकटा मोठ्याने हसलो. शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, बरं आहे ना?

ओल्या हातांनीच काढलाय, म्हणून कागद सुरकुतलाय. सोबत आहे. शेजारचा मुलगा तिकडे निघालाय, त्याच्याच हाती पाठवतो. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

मामा

*

२८ एप्रिल

मामा,

आता नीट बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

राणीसरकारचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पांढरीफटक. सिस्टरने एक शब्दही न बोलता साधन टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. तुझा तो चेहरा तिथे रडत बसला. साहेब दाराआड उभे, सर्जनबाई खिडकीपाशी कागद चाळल्याचं नाटक करत होत्या, आणि नाही-ताईने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

मग तिने मान वळवली.

“याला काय झालंय?”

“माहीत नाही बाई,” सिस्टर तिकडूनच म्हणाली. “सकाळपासून रडतोय.”

राणीसरकार त्याच्याकडे बघत राहिली. खरं रडणं तिला ओळखता येतं. “आण इकडे,” म्हणाली.

पहिली फुंकर अर्धीच झाली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चकती थोडी कलली आणि पुन्हा रडायला लागली. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, “थांब रे. रडू नको.” तिने उशी छातीशी धरली, खोल श्वास घेतला, आणि मामा, तिने अशी फुंकर घातली! लांब. सावकाश. चेहरा फिरला आणि हसला. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरून ‘ए!’ असा आवाज आला. श्वास संपला, तो पुन्हा रडला. “परत? लबाड आहे हा,” ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली. शेवटी सिस्टरलाच सांगावं लागलं की आता त्याला जरा झोपू दे.

ताप आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. सर्जनबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि इतका वेळ बघत राहिल्या की आमचा जीव टांगणीला लागला. मग म्हणाल्या, “स्वच्छ आहे. दोन्ही बाजू स्वच्छ!” आणि त्या शिस्तीच्या बाईंनी साचेवाल्या काकांना मिठी मारली. काका अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाहीत.

वरचे लोक काल आले. आम्ही त्यांना वॉर्डातच बोलावलं. सगळ्या खाटांवर चकत्या फिरत होत्या, जो तो आपापल्या रडक्याची समजूत घालत होता. साहेबांना वरच्यांसमोर करून दाखवायची हौस आली. त्यांनी गाल फुगवून जोरात फुंकलं. चकती गर्रकन फिरली आणि रडतच थांबली. राणीसरकार गंभीरपणे म्हणाली, “ओरडू नका त्याच्यावर. हळू.” अख्खा वॉर्ड हसला. साहेबही हसले, अगदी पोट धरून, आणि मग त्यांनी हळू फुंकलं. विभाग राहिला, मामा! आणखी तीन हॉस्पिटलांनी मागणी केली आहे. नाही-ताई आता कल्पनांची प्रमुख आहे. तिने पहिल्याच दिवशी पाटी लावली, ‘सकाळी या’.

आणि एक हुकूम आहे. सगळ्यांचा एकच चेहरा तिला नामंजूर. तिला सर्जनबाईंचा हवा आहे, रडणारा. आणि चेहरा काढणारा माणूस समोर हवा. या रविवारी पोहोच. तिकीट सोबत आहे.

तुझी, सगळ्यांना सांगत सुटलेली,
भिंगरी

*

१६ मे

भिंगरी,

सुखरूप घरी पोहोचलो. तुझ्या आईला कळव, म्हणजे ती काहीतरी वेगळं ऐकून काळजी करायला मोकळी.

इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी काढलं नव्हतं. एक पोर खांद्यावर, एक मांडीवर, आणि राणीसरकार खाटेवरून फर्मानं सोडतायत. निघताना ती आपल्या पायांनी जिन्यापर्यंत पोहोचवायला आली. मध्ये कुठेही दम खायला थांबली नाही. वर उभी राहून तिने मला हात केला आणि ओरडली, “लवकर काढा!” काय आवाज आहे, भिंगरी! छाती भरून निघालेला आवाज. मला तो पार खाली रस्त्यापर्यंत ऐकू आला, आणि तुला माझे कान माहीत आहेत.

आल्यापासून टेबलाशी आहे. नवी शाई आणली. रस्त्यात तो जुना ओळखीचा भेटला, नेहमीसारखं विचारलंन, हल्ली काय काढता? म्हटलं, एक नाक.

पत्र इथेच आवरतो. सर्जनबाईंचं ते नाक उलटं केलं की हनुवटी व्हायला पाहिजे, आणि ते काही केल्या होत नाहीये. सकाळपासून पंचवीस कागद वाया गेले. टेबलाखाली पाय ठेवायला जागा नाही. इतकं छान फार वर्षांत बिघडलं नव्हतं.

मामा